हूक खाली, चाके खाली, घुमट वर

मी नौदलात गेलो तो वैमानिक होण्यासाठी. १९८१ साली वैद्यकीय तपासणीत माझ्या डाव्या डोळ्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही आणि त्या एका ओळीने माझी खुर्ची बदलली. नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिकाखेरीज आणखी एक अधिकारी असतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. विमान कुठे आहे, कुठे जायचे आहे, पडद्यावर दिसते ते काय आहे आणि त्यावर शस्त्र टाकायचे की नाही, हे सगळे तो ठरवतो. वैमानिक विमान चालवतो. ही विभागणी मला तेव्हा सांत्वनासाठी रचलेली वाटली होती. पाणबुडीशोधक विमानापुरती ती अक्षरशः खरी आहे, हे कळायला मला दोनेक वर्षे लागली.

कोचीच्या ऑब्झर्व्हर स्कूलबद्दल फार लिहीत नाही. चार्ट, परकार, समांतर पट्टी, वाऱ्याचा त्रिकोण, मोर्स, जहाजांच्या छायाकृती आणि पुन्हा वाऱ्याचा त्रिकोण, असे ते दिवस गेले. तिथून १९८३ च्या पावसाळ्यानंतर माझी नेमणूक गोव्याला, दाबोळीच्या पठारावरील आयएनएस हंसा या तळावर, ३१० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. जांभ्याच्या लाल मातीत आखलेल्या हार्डस्टँडवर पंख दुमडून उभी असलेली अलिझे ही फ्रेंच बनावटीची पाणबुडीशोधक विमाने मी तिथे प्रथम जवळून पाहिली, आणि खरे सांगायचे तर माझा विरसच झाला. एक प्रोपेलर, फुगीर पोट, पंखांतून पुढे आलेल्या दोन शेंगा आणि आकाशात असताना दुरून ऐकू येणारी ती ओळखीची शीळ. ओळखीची अशासाठी, की इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर आणि अॅव्हरो विमानांना जे रोल्स-रॉइसचे डार्ट इंजिन असे, तेच इथेही होते. सांताक्रूझच्या वाटेवर लहानपणी ज्याने मान वर करून पाहिले असेल त्याच्या कानात ती शीळ अजून असेल. त्याच डिसेंबरात पहिली सी हॅरियर विमाने दाबोळीला उतरली आणि तळावरचे सगळे त्यांच्याभोवती जमले. आमच्या विमानांकडे त्या आठवड्यात त्यांना धुणाऱ्या नौसैनिकांखेरीज कोणी फिरकले नाही.

विमानाची ओळख करून देणारे आमचे वरिष्ठ ऑब्झर्व्हर नागपूरकडचे होते. वर्गात इंग्रजी आणि वर्गाबाहेर मराठी असा त्यांचा शिरस्ता होता. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर अलिझेऐवजी दुसऱ्याच एका विमानाचे चित्र काढले. ते होते फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचे व्हल्टर. जहाजावरून उडून हल्ला करण्यासाठी फ्रेंच नौदलाला हे विमान हवे होते, म्हणून नाकात टर्बोप्रॉप आणि शेपटीत जेट अशी दुहेरी रचना त्याला दिलेली होती. प्रवास नाकातल्या इंजिनावर करायचा आणि झेप घेताना शेपटीतले जेट पेटवायचे, अशी ती कल्पना होती. १९५१ मध्ये व्हल्टरने पहिले उड्डाण केले, पण नौदलाचा विचार बदलला. हल्ल्यापेक्षा पाणबुडीचा शोध ही तातडीची गरज ठरली, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी प्रचारात आणलेल्या श्वासनळीमुळे डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी पूर्ण वर येण्याची गरज उरली नव्हती, आणि फ्रेंच विमानवाहू जहाजांवर तोवर युद्धकाळातली जुनी अमेरिकन अॅव्हेंजर विमाने हे काम करत होती. ब्रेगेच्या अभियंत्यांनी व्हल्टरच्या दुसऱ्या नमुन्याच्या शेपटीतले जेट काढून टाकले आणि त्या रिकाम्या जागेत खाली-वर होणारा रडारचा घुमट बसवण्याची वाट मोकळी केली. या वाटेने तयार झालेले अलिझे ६ ऑक्टोबर १९५६ रोजी प्रथम उडाले. व्हल्टर म्हणजे गिधाड आणि अलिझे म्हणजे शिडाच्या जहाजांना भरवशाने पुढे नेणारे व्यापारी वारे. "जिथून आग निघायची होती, तिथे डोळा बसवला," असे म्हणून सरांनी खडू खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले होते की नाही हे आठवत नाही, पण वैद्यकीय तपासणीनंतर पहिल्यांदाच मला माझ्या खुर्चीबद्दल थोडे बरे वाटले.

एकाच विमानात शोध आणि शस्त्र दोन्ही बसवणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. अमेरिकन नौदल त्याआधी एक विमान शोधायला आणि दुसरे मारायला अशी जोडी पाठवत असे. ग्रुमनच्या ट्रॅकरने ती जोडी मोडून दोन इंजिनांच्या एका विमानात सगळे आणले. ब्रिटिशांच्या गॅनेटमध्ये दोन इंजिने एकाच नाकात जोडलेली होती आणि गस्तीवर असताना त्यांतले एक बंद ठेवता येई. फ्रेंचांनी मात्र एकाच डार्टवर, साधारण दोन हजार अश्वशक्तीवर, सव्वाआठ टनांचा हा गाडा उभा केला. यामुळे विमान आटोपशीर राहिले, विमानवाहू विक्रांतच्या लहान डेकवर आणि लिफ्टवर सहज मावले. ते एक इंजिन समुद्रावर बंद पडले तर काय, या प्रश्नाचे उत्तर जलतरण तलावात रबरी डिंगीत चढण्याच्या सरावात शोधावे लागे. अलिझेला इजेक्शन सीट नव्हती. मला ब्रिटिशांची रचना अधिक शहाणपणाची वाटते, पण विक्रांतवर राहायचे तर आकार महत्त्वाचा होता, हेही तितकेच खरे.

आमची स्क्वॉड्रन २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर इयेर येथे उभी राहिली होती आणि तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर मिहिर रॉय हे पुढे व्हाइस अॅडमिरल झाले. मी रुजू झालो तेव्हा या विमानांचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटून गेली होती. जगभरात मिळून नव्वदही अलिझे बनली नव्हती, त्यामुळे सुटे भाग मिळवणे ही तंत्रज्ञांची रोजची विवंचना असे. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावलेला मी इतक्या वेळा पाहिला, की कोणते विमान खरे कोणते, असा प्रश्न पडावा.

पुढे दोन खुर्च्या शेजारी शेजारी, एक वैमानिकाची आणि एक ऑब्झर्व्हरची. मागे आडवे तोंड करून बसणारा तिसरा सहकारी, ज्याच्याकडे सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचे आवाज ऐकण्यासाठी समुद्रात टाकायचे तरंगते बोये, आणि इतर यंत्रे असत. पंखांतल्या त्या बेढब शेंगांत मागच्या बाजूला चाके दुमडली जात आणि पुढच्या बाजूला सोनोबॉय भरलेले असत. पोटात एक टॉर्पेडो किंवा पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज, पंखांखाली रॉकेट. उड्डाणानंतर सुरक्षित उंची गाठली की मी खटका दाबायचा आणि मागे पोटाखालून घुमट उतरायचा. तो पूर्ण बाहेर आला की विमानाच्या अंगात एक बारीक थरथर येई. परतताना वैमानिक म्हणे, "हूक खाली, चाके खाली," आणि मी उत्तर द्यायचे, "घुमट वर." दोन गोष्टी खाली आणि एक वर. थकलेल्या माणसाची चूक नेमकी अशाच ठिकाणी होते, म्हणून स्वतःचा हात खटक्यावर ठेवून आणि दिवा डोळ्यांनी पाहूनच हे शब्द उच्चारायचे, अशी सक्त ताकीद होती. निवृत्तीनंतरही घराला कुलूप लावताना माझा हात कडीवर क्षणभर थांबतो, त्याचे मूळ इथे आहे.

रडारचा पडदा वाचायला शिकणे हा या प्रशिक्षणाचा गाभा होता आणि त्यात मी सपाटून मार खाल्ला. माझे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेलेले. मचवे, डोलीचे खुंट, जाळ्यांची तरंगती बोयरी, हे सारे मला तोंडपाठ आहे, म्हणून किनाऱ्यालगतचा समुद्र मी इतरांपेक्षा चांगला ओळखेन, असा माझा समज होता. तिसऱ्याच उड्डाणात पडद्यावर एक बारीक, एकटा, हटवादी ठिपका दिसला. तो फेऱ्यामागून फेऱ्यांत त्याच जागी उमटत होता. मी पेरिस्कोप म्हणून कळवले, आवाजात उत्साह लपवता आला नाही. मागे शिक्षक म्हणून बसलेल्या सरांनी विचारले, "चार्टवर तिथे पाणी किती आहे?" मी पाहिले. अठरा मीटर. "मग पाणबुडी तिथे काय गुडघ्यावर चालते आहे?" ते म्हणाले. आम्ही खाली उतरून पाहिले तर तो डोलीचा खुंट होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. ज्या वस्तूजवळून मी लहानपणी शंभरदा होडीने गेलो असेन, ती पडद्यावर मला शत्रू दिसली. त्यानंतर ठिपका दिसला की आधी खोली, मग वारा, मग हंगाम, आणि मगच तोंड उघडायचे, ही सवय लागली. नारळी पौर्णिमेनंतर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर शेकडो होड्या समुद्रात उतरतात, तेव्हा पडदा पुरळ आल्यासारखा दिसतो. आणि मे अखेरीस वारा वाढून लाटांची शिखरे फेसाळू लागली, की लाटाच इतक्या परावर्तित होतात की श्वासनळीएवढी वस्तू त्यांत हरवून जाते. कोणत्या दिवशी आपले यंत्र आंधळे आहे हे प्रामाणिकपणे कळवणे, हासुद्धा अहवालाचाच भाग असतो.

सोनोबॉयचे शिक्षण त्यामानाने शांत होते. ठिपका नाहीसा झाला, म्हणजे पाणबुडीने बुडी मारली असे धरून त्या बिंदूला डेटम म्हणायचे आणि त्याभोवती सोनोबॉय पेरायचे. प्रत्येक बॉय पाण्यात पडला की त्यातून खाली श्रवणयंत्र सुटते आणि ऐकलेले वर रेडिओने पाठवते. मागचा सहकारी डोळे मिटून ऐकत असे. डेटम मात्र दर मिनिटाला जुना होत जातो. पाणबुडी सहा नॉटने निघाली असेल तर दहा मिनिटांत ती एक सागरी मैल दूर गेलेली असते, कोणत्या दिशेने ते माहीत नाही, म्हणजे शोधायचे वर्तुळ वेळेच्या वर्गाने वाढते. हातातले बॉय मोजके. त्यामुळे पहिला बॉय कुठे टाकायचा हा निर्णय घाईत घ्यावा लागे आणि तोच चुकण्याची शक्यता सर्वाधिक असे.

डेकची तयारी दाबोळीच्या धावपट्टीवरच सुरू झाली. डेकची आखणी केलेल्या भागात, आरशाच्या साहाय्याने, पुन्हा पुन्हा टेकायचे आणि उठायचे. यात ऑब्झर्व्हरला वेग मोठ्याने वाचण्याखेरीज काम नसते, त्यामुळे भीती वाटायला भरपूर मोकळा वेळ मिळतो. १९८४ च्या आरंभी आम्ही विक्रांतवर गेलो. वरून पाहताना २१३ मीटर लांबीचे ते जहाज फुटपट्टीएवढे दिसते, आणि त्याचा तिरका डेक त्याहूनही आखूड. आरशातला प्रकाशाचा गोळा हिरव्या दिव्यांच्या ओळीत धरून वैमानिक उतरत असतो, शेजारी बसलेल्याला तो गोळा दिसतो पण दांडा त्याच्या हातात नसतो. चाके डेकवर आपटली, हुकाने तार पकडली आणि माझे डोके छातीकडे झुकले. ते वर उचलेपर्यंत पिवळ्या जॅकेटातला माणूस पंख दुमडण्याची खूण करत होता. एवढेच.

कॅटापुल्ट मात्र मला कधीच अंगवळणी पडला नाही. विमान पट्ट्यावर आणून खाली दोर अडकवतात, मागे होल्डबॅक लावतात. वैमानिक इंजिन पूर्ण शक्तीवर नेतो, सगळे विमान एखाद्या दाव्याला बांधलेल्या खोंडासारखे थरथरू लागते. वैमानिक डोके मागे टेकतो आणि सलाम करतो. डेकवरच्या अधिकाऱ्याचा झेंडा खाली जातो. मग वाफेचा एक ठोसा, आणि दोन-अडीच सेकंदांनंतर डेक संपलेला असतो, खाली पाणी असते, उजवीकडे मागे चेतक हेलिकॉप्टर घिरट्या घालत असते, जे कोणी पडलाच तर उचलायला ठेवलेले आहे. आमचा तिसरा सहकारी हे सारे आडवा बसून सोसत असे. त्याबद्दल त्याने काढलेले उद्गार इथे देण्यासारखे नाहीत.

ज्या उड्डाणाने मी खऱ्या अर्थाने ऑब्झर्व्हर झालो, ते त्याच वर्षी मे महिन्यातले. नौदलात विमानवाहू जहाजाला मदर म्हणतात. मदरने रडार आणि रेडिओ बंद ठेवलेले, आम्हीही तसेच. तीन तास गस्त घालून संध्याकाळी केवळ हिशेबावर परतायचे होते. उड्डाणापूर्वी मदरचा नियोजित मार्ग आणि वेग दिलेला असतो. ती बारा नॉटने उत्तरेकडे जाणार होती. मी वारा काढला, विमानाचे वाहणे मोजले, चार्टवर सगळ्या रेषा नीट जुळवल्या आणि ठरल्या मिनिटाला ठरल्या बिंदूवर आलो. खाली समुद्र रिकामा होता. मेच्या धूसर हवेत पाच मैलांपलीकडे काही दिसत नव्हते. वैमानिकाने अगदी शांतपणे विचारले, "ऑब्झर्व्हर, मदर?" त्या शांतपणाने मला घाम फुटला. इंधन होते, पण सूर्य मावळायला अर्धाच तास उरला होता.

मी आधी माझ्या रेषा तपासल्या. त्या बरोबर होत्या. मग विचार केला की चूक माझ्या विमानाची नसून जहाजाची असेल तर? आम्ही निघाल्यानंतर मदरला हॅरियर उतरवायचे होते. त्यासाठी तिला वाऱ्यात तोंड घालावे लागले असणार. वारा पश्चिमेचा. अर्धा तास वीस नॉटने पश्चिमेला म्हणजे दहा मैल तिकडे, आणि तेवढ्या वेळात उत्तरेचे सहा मैल बुडाले. हा हिशेब आम्हाला वर्गात शिकवलेला होता, मी तो परीक्षेत लिहिलेलाही होता. मी नैर्ऋत्येच्या थोडे पश्चिमेकडची दिशा दिली. पाचव्या मिनिटाला धुक्यात एक करडी भिंत दिसली आणि तिच्यामागे पाण्यावर लांबलेली फेसाची शेपटी. वैमानिक काहीच बोलला नाही. "हूक खाली, चाके खाली," एवढेच म्हणाला. माझा "घुमट वर" जरा उशिरा आला. रात्री वॉर्डरूममध्ये सरांनी माझा चार्ट मागितला, पेन्सिलीने मदरचा खरा मार्ग त्यावर काढला आणि परत दिला. तो चार्ट मी ठेवायला हवा होता.

अशा रात्री जुने लोक १९७१ चे सांगत. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी, म्हणून डेकवरचा वारा पुरत नसे. तरीही अलिझे बंगालच्या उपसागरात रात्रीही हल्ल्यांसाठी उडत राहिली. पश्चिमेकडे खुकरी ही आपली युद्धनौका बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, कच्छच्या किनाऱ्याजवळ गस्तीवरचे एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले आणि त्यातले तिघे परतले नाहीत. ही गोष्ट सांगताना कोणी आवाज चढवत नसे. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासचे विमान आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान यांच्यात सांगण्यासारखे फारसे काही नसते.

आमच्याच एका फॉक्सट्रॉट पाणबुडीविरुद्धचा रात्रीचा सराव हा प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा होता. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी रात्री श्वासनळी वर काढावी लागते, आमच्या भाषेत ती स्नॉर्ट करते. तिच्याकडे रडारचे किरण ओळखणारे यंत्र असते, म्हणून रडार सतत चालू ठेवले तर ती आपल्याला आधी ओळखते. एखादा फेरा पाहायचा, बंद करायचे, अंधारात जवळ जायचे, पुन्हा एक फेरा. त्या रात्री मी पाच ठिपके नोंदवले. चार होड्या निघाल्या. पाचवा दुसऱ्या फेऱ्यात नाहीसा झाला. होडी नाहीशी होत नाही. मी डेटम दिला, बॉय टाकले, आणि मागून काही वेळाने आवाज आला, "ऐकू येते आहे."

दोन दिवसांनी मुंबईत पाणबुडीच्या लोकांसोबत दोन्ही चार्ट एकमेकांवर ठेवले गेले. माझा डेटम त्यांच्या जागेपासून पाऊण मैल हुकला होता, पण बॉयच्या ओळीतून त्यांची रेषा आरपार गेली होती. त्यांच्या नोंदवहीत मात्र आमच्या रडारचा पहिला किरण माझ्या पहिल्या नोंदीच्या सात मिनिटे आधी लिहिलेला होता. त्या सात मिनिटांत बुडी का मारली नाही, असे मी विचारले. त्यांचा नॅव्हिगेटर हसून म्हणाला, की बॅटरी जवळजवळ रिकामी होती, आणि तुम्ही होड्यांमागे लागलेले दिसत होता.

१९८७ मध्ये विक्रांत मोठ्या दुरुस्तीसाठी गेली. हॅरियरसाठी पुढच्या टोकाला वर उचललेली चढण बांधायची म्हणून वाफेचा कॅटापुल्ट काढण्यात आला. अलिझेला तिथून स्वतःच्या बळावर उठता येणे शक्य नव्हते. पाणबुडीचा शोध जहाजावरून आता सी किंग हेलिकॉप्टर घेणार होती, जी एका जागी थांबून पाण्यात सोनार सोडू शकतात. जवळच्या शोधात ती आमच्यापेक्षा सरस आहेत यात वाद नाही, पण दूरवर तासन्‌तास रेंगाळणे त्यांना जमत नाही, हे मी त्या काळातही म्हणत असे आणि आजही म्हणेन. आम्ही आणखी काही वर्षे दाबोळीहून किनाऱ्यावरच्या गस्ती घातल्या. माझ्या लॉगबुकात डेक लँडिंगसाठी एक वेगळा रकाना आहे. १९८७ नंतरच्या पानांवर मी तो तसाच आखत राहिलो, आणि प्रत्येक पानाखाली बेरजेत आधीचाच आकडा पुढे ओढत राहिलो.